ध्वनिमुद्रिकेचे दोन कारागीर

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गायकाचे नाव ठळक असते. निर्मात्याचे नाव मागल्या बाजूस बारीक टाइपात शोधावे लागते. रॉक संगीताच्या इतिहासात मात्र या बारीक टाइपाने ठळक नावांवर पुष्कळ वेळा कुरघोडी केली आहे. मोठ्या कंपन्यांच्या पदरी न राहिलेल्या निर्मात्यांपैकी इंग्लंडचा मार्टिन हॅनेट आणि अमेरिकेचा स्टीव्ह अल्बिनी यांच्या रीती आम्ही येथे शेजारी ठेवून पाहणार आहोत.

हॅनेट हा रसायनशास्त्र शिकलेला, मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या छोट्या संस्थेचा एक भागीदार. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्ट येथील स्ट्रॉबेरी स्टुडिओत त्याने जॉय डिव्हिजन या तरुण मंडळींची ‘अननोन प्लेझर्स’ ही मुद्रिका सिद्ध केली. ही मंडळी रंगमंचावर दणदणीत, कर्कश वाजवीत. हॅनेटने तो दणदणाट उसवून टाकला. ड्रमवादकाकडून त्याने एकेक ड्रम निरनिराळा वाजवून घेतला, ध्वनी त्या वेळी नव्या असलेल्या डिजिटल डिले यंत्रातून फिरवला, एका गीतात गायकाचा आवाज टेलिफोनच्या तारेवरून घेतला, दुसऱ्यात काच फुटल्याचा नाद मिसळला. ऐकणाऱ्यास वाटावे, एखाद्या थंड, ओसाड इमारतीत आपण उभे आहोत. तशी इमारत कोठेच नव्हती! गिटारवादक बर्नार्ड समनर व बासवादक पीटर हूक यांस हे मुळीच रुचले नाही. आपले वादन आपल्यापासून हिरावले गेले, असे त्यांस वाटले.

अल्बिनीची वाट नेमकी उलट. ‘निर्माता’ हा शब्दच त्यास नको असे. आपण ध्वनिमुद्रण करणारा तंत्रज्ञ आहोत, एवढेच तो म्हणे. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिक्सीज यांच्या ‘सर्फर रोझा’ या मुद्रिकेसाठी घुमारा हवा होता, तेव्हा त्याने यंत्राचा आधार न घेता सामान स्टुडिओच्या न्हाणीघरात हलविले. सभामंडपातला मृदंग आणि माजघरातला मृदंग एक नव्हे, हे देवळातल्या भजनी मंडळींस सांगावयास नकोच. अल्बिनीचे सारे शास्त्र या एका अनुभवावर उभे होते. १९९३ मध्ये निर्वाणाची ‘इन युटेरो’ मुद्रित करण्यापूर्वी त्याने त्या मंडळींस पत्र लिहिले. नळदुरुस्ती करणाऱ्याप्रमाणे आपणांस कामाचे ठरीव पैसे मिळावेत, विक्रीवरील हिस्सा घेणे आपण अनैतिक मानतो, असा त्याचा आशय होता. लक्षावधी प्रती खपणार हे उघड दिसत असता असा हिस्सा सोडणारा मनुष्य विरळा.

तथापि अल्बिनीचा अलिप्तपणा आम्हांस सर्वस्वी मान्य होत नाही. मायक्रोफोन कोठे ठेवावा, कोणती खोली निवडावी, हाही एक अभिप्रायच आहे. त्याने घेतलेले ड्रम चार ठोक्यांत ओळखू येतात. शिवाय ‘इन युटेरो’मधील दोन गीते प्रकाशनापूर्वी स्कॉट लिट याच्याकडून पुन्हा मिश्रित करून घेण्यात आली, केवळ आरसा धरणाऱ्याचे काम कोणी असे दुसऱ्याच्या हाती देत नाही.

हॅनेट १९९१ मध्ये अवघ्या ४२ व्या वर्षी वारला. अल्बिनी १९९७ पासून शिकागो येथील स्वतःच्या इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओत काम करीत राहिला व ७ मे २०२४ रोजी निवर्तला. आणि पीटर हूक? ज्या मुद्रिकेने तो एके काळी संतापला होता, तिच्यात हॅनेटने चांगले काम केले होते, असे त्याने पुढे अनेक वर्षांनी कबूल केले.