घड्याळाच्या नावाचा तांदूळ

पुण्यात किराणा दुकानातल्या गोणीवर ‘एचएमटी’ लिहिलेलं पाहून माझ्या रूममेटला वाटायचं, ही तांदळाची कंपनी असणार. कंपनी होती, पण घड्याळांची. तांदळाला तिचं नाव कसं लागलं, हे मी त्याला सांगायला बसलो आणि सांगता सांगता आजीच्या दोरीपर्यंत पोचलो.

मी भंडारा जिल्ह्यातला, पवनी तालुक्यातला. आमच्याकडे शेत म्हणजे धानाची बांधी. पाऊस लागला की चिखलणी आणि मग रोवणी. पंधरा-वीस बाया ओळीने वाकून, मागे मागे सरकत, एकेक पऱ्हा चिखलात रोवत जातात. आजीने हे काम चाळीस वर्षं केलं. आधी स्वतःच्या एवढ्याशा तुकड्यात, मग दुसऱ्यांच्या बांधीत.

तिच्या तरुणपणी भंडारा जिल्हा सरकारच्या कागदावर फार महत्त्वाचा होता. देशात धान्याचा तुटवडा होता. १९६० मध्ये फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने सघन शेतीचा कार्यक्रम सुरू झाला. लोक त्याला ‘पॅकेज कार्यक्रम’ म्हणत, कारण सुधारित बियाणं, खत, औषध, कर्ज आणि सल्ला असं सगळं एकत्र द्यायचं होतं. आधी सात जिल्हे घेतले, त्यात महाराष्ट्रातला एकही नव्हता. पुढच्या फेरीत महाराष्ट्रातून भंडारा निवडला गेला. तेव्हा आजचा गोंदियाही भंडाऱ्यातच होता.

त्याआधी १९५३ पासून देशभर ‘जपानी पद्धती’च्या भातशेतीचा प्रचार चाललाच होता. बी कमी, गादीवाफ्यावर रोपं, खत जास्त आणि रोवणी सरळ ओळीत. ओळीत रोवलं की मधून कोळपं फिरवता येतं, निंदणाचा खर्च वाचतो. कागदावर यात खोट काढायला जागा नाही.

आजी सांगायची, ग्रामसेवक खुणा बांधलेली दोरी घेऊन बांधीवर आला. दोन टोकांना दोघी उभ्या राहिल्या. बाकीच्यांनी खुणेवर रोवायचं, सगळ्यांचं झालं की दोरी मागे सरकवायची. जिचा हात चपळ, ती थांबून राहायची. जिचा हळू, तिला सगळ्या हाका मारायच्या. गाणं तुटायचं. रोवणी गुत्त्याने, म्हणजे एकराला ठरलेले पैसे. दुपारपर्यंत रोजच्या निम्मंही काम झालं नाही. तेव्हा आजीने विचारलं, “दोरी धरणाऱ्या दोघींची मजुरी कोण देईन?”

ग्रामसेवकाकडे उत्तर नव्हतं. तो गेल्यावर दोरी गोठ्यात गेली आणि पुढे गाय बांधायला कामी आली.

ही गोष्ट ऐकताना मी लहानपणी हसायचो. पुढे कळलं की आजीच्या प्रश्नात पूर्ण हिशेब होता. सरळ ओळीचा फायदा बांधीच्या मालकाला, पाठ मोडणार रोवणाऱ्या बाईची. वर निंदण कमी झालं तर श्रावण-भादव्यातली तिची मजुरीही जाणार. योजना सांगणारे मालकाशी बोलत होते आणि रोपं मात्र बायांच्या हातात होती. पुस्तकात याला ‘शेतकऱ्यांची उदासीनता’ म्हणतात.

बियाण्याचंही तसंच झालं. १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ‘आयआर-८’ हा वाण आणला. ठेंगणा, खताला न लोळणारा, उत्पन्नाला जबरदस्त. आशियातली उपासमार टळायला अशा वाणांची मदत झाली, हे नाकारता येत नाही. पण दाणा जाड, आणि भात थंड झाला की कडक. आमच्याकडे सकाळी रांधलेला भात दुपारी बांधीवर खातात. शिवाय झाड ठेंगणं म्हणजे तणस आखूड, आणि वर्षभर बैल खाणार तणसच. आजीच्या घरी ठेंगण्या वाणांचा धान विकायला पिकायचा, घरी खायला जुनाच राहायचा. तिने नवं नाकारलं नव्हतं, कुठलं नवं कुठे ठेवायचं ते ठरवलं होतं.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ब्राइस रायन आणि नील ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी संकरित मक्याचा अभ्यास करून १९४३ मध्ये निष्कर्ष छापले. २५९ शेतकऱ्यांना त्यांनी विचारलं होतं. नव्या बियाण्याची खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती, पण पेरायचं की नाही हे ठरवताना वजन पडलं ते शेजाऱ्याच्या शब्दाचं. आणि पहिल्या वर्षी जवळजवळ कुणीच सगळं शेत नव्या बियाण्याखाली घातलं नव्हतं. आयोवा असो की पवनी, माणूस आधी एका कोपऱ्यात पेरून बघतो.

आता घड्याळाकडे येतो. पवनीच्या दक्षिणेला चंद्रपूर जिल्ह्यातला नागभीड तालुका. तिथल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या. हे वर्षानुवर्षं चाललं. दाणा बारीक निघाला, भात चवीला चांगला, उत्पन्नही पडलं. गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून बियाणं घेतलं. धान तळोधीच्या बाजारात गेला तेव्हा व्यापाऱ्याने विचारलं, नाव काय? नाव नव्हतंच. त्या काळात एचएमटीच्या घड्याळाची ऐट होती, तेच नाव धानाला लागलं.

या वाणामागे दोरी नव्हती, पॅकेज नव्हतं, पत्रक नव्हतं. एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर, सोयऱ्याच्या घरून पिशवीत बियाणं फिरलं. रोवणाऱ्या बाईला नवं काही शिकावं लागलं नाही, खाणाऱ्याला आवडलं, व्यापाऱ्याने भाव दिला. तिन्ही दारं एकदम उघडली. वाण राज्याची सीमा ओलांडून गेला.

पण जे पिशवीतून पसरतं, त्याची पावती नसते. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या संशोधकांनी दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ नावाने वाण प्रसारित केला. आम्ही तो शुद्ध केला, असं विद्यापीठाचं म्हणणं; माझं श्रेय गेलं, असं दादाजींचं. शेतकऱ्याला स्वतःच्या वाणावर हक्क देणारा कायदा २००१ साली झाला, तोवर हे बियाणं गावोगाव पोचलं होतं. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते दादाजींचा सत्कार झाला, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने त्यांना ग्रामीण उद्योजकांच्या यादीत घेतलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले. अखेरच्या आजारात उपचारांसाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले. त्यांनी शोधलेला तांदूळ तेव्हा हजारो दुकानांत विकला जात होता.

घड्याळांचा तो सरकारी कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. गोणीवर नाव मात्र अजून त्याचंच आहे.

मागच्या पावसाळ्यात गावी गेलो तर भावाच्या मोबाइलवर धानाच्या सल्ल्याचं एक ॲप होतं. सरळ ओळीत रोवणी करा, असं त्यात चित्रासकट दिलेलं. आजी आता वाकत नाही, खाटेवर बसून असते. मी तिला चित्र दाखवलं. तिने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, दोरीच्या दोन टोकांना उभ्या असलेल्या बाया बोटाने दाखवल्या आणि म्हणाली, “यायले किती देतेत, लिवलं हाये का?”

मी पूर्ण पान खाली सरकवून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.