पडशी आणि घाट

अंगारकी चतुर्थीच्या आदल्या रात्री जालना-राजूर रस्ता माणसांनी फुललेला असतो. टेकडीवरच्या महागणपतीच्या दर्शनाला निघालेली ही मंडळी. त्यांतली कित्येक अनवाणी. पूर्वी खांद्यावर पडशी असे, आता पाठीवर शाळकरी पोरांच्या दप्तरासारखी पिशवी असते. आत मात्र तेच : भाकरी, चटणी, पाणी आणि रात्री अंगावर घ्यायला काहीतरी. राजूरला पोचले की यात्रेकरूंची वाट संपते. रस्ता मात्र तसाच पुढे भोकरदनला जातो, आणि भोकरदनच्या पलीकडे अजिंठ्याचा डोंगर आहे.

डोंगरयात्रा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. त्याच्यापुढे अजिंठ्याची रांग अगदीच ठेंगणी. शिवाय दक्षिणेकडून जाणाऱ्याला ती डोंगर म्हणून नीटशी जाणवतही नाही. जमीन हळूहळू उंचावत जाते, वाड्या लागतात, ओढे लागतात, आणि एकाएकी पायाखालचे पठार संपून खाली खानदेश दिसू लागतो. म्हणून आम्ही मराठवाड्याचे लोक घाट उतरतो, खानदेशकर तो चढतो. केळणेचे पाणी पूर्णेवाटे गोदावरीला मिळते, वाघुरेचे तापीला. या पाणलोटाच्या कडेकडेने वसलेल्या गावांतून गेली दोन हजार वर्षे माणसे पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालत आली आहेत. त्यांची वाट कोणत्या राजाने बांधली, हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. त्यांच्या पाठीवर काय होते, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. कारण वाट बहुधा ओझ्याच्या हिशेबाने ठरते.

हे मला कोणा ग्रंथाने शिकवले नाही. तरुणपणी राजूरहून भोकरदनला पायी जाताना मी पडशीत चार जाड पुस्तके कोंबली होती. दुसऱ्या प्रहरी त्यांतली दोन वाटेतल्या एका ओळखीच्या घरी ठेवावी लागली. जी ठेवली तीच नंतर हवी होती, पण ते असो.

सुत्तनिपातातल्या पारायणवग्गात गोदातीरीच्या बावरी नावाच्या ब्राह्मणाचे सोळा शिष्य बुद्धाला भेटायला निघतात. त्यांचे मुक्काम क्रमाने दिले आहेत : पतिट्ठान म्हणजे आपले पैठण, मग महिस्सती, उज्जेनी, पुढे वेदिसा, कोसंबी, साकेत, सावत्थी आणि अखेर राजगृहाचा परिसर. घाटाचे नाव कुठेच नाही. पण पैठणहून नर्मदेवरच्या माहिष्मतीला जायचे तर आधी ही रांग आणि मग सातपुडा ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. त्यांच्याजवळ काय होते? ग्रंथ जटा आणि अजिन सांगतो. पुढच्या काळातल्या भिक्षूचे सामानही मोजकेच : तीन चीवरे, पात्र, कमरपट्टा, वस्तरा, सुई आणि पाणी गाळायचे फडके. एवढ्या ओझ्याच्या माणसाला शेळ्यांची पायवाटसुद्धा पुरते.

भोकरदन म्हणजे जुने भोगवर्धन. इथल्या दात्यांची नावे सांचीच्या आणि भरहुतच्या दगडांवर कोरलेली आहेत. सांची इथून सरळ रेषेत 250 मैलांच्या पुढे, भरहुत 400 मैलांच्या वर. ही माणसे स्वतः चालत गेली की दान कोणाच्या हाती पाठवले, हे दगड सांगत नाही. मला वाटते, दोन्ही घडले असेल. परंतु कोणीतरी चालले हे निश्चित, आणि गावाचे नाव त्याने अभिमानाने नेले, हेही तितकेच निश्चित.

1973 साली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केले. त्यात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. इटलीत पॉम्पेई येथे 1938 साली मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. आणि पॉम्पेई तर इ. स. 79 मध्ये राखेखाली गेले. ती पॉम्पेईची मूर्ती भोकरदनलाच घडली, असे ठामपणे म्हणण्याचा मोह आवरलेला बरा. पण तिची उंची वीतभर आहे, हे विसरू नये. फडक्यात गुंडाळून पडशीत घालावी एवढीच. डोंगराच्या माथ्यावरच्या गावाला असाच व्यापार परवडतो : वजनाला हलका आणि मोलाला भारी.

सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. हिमाच्छादित तिएनशान ओलांडताना त्याच्या तांड्यातली दहांतली तीन-चार माणसे दगावली होती, असे त्याचे चरित्र सांगते. महाराष्ट्राच्या पूर्वेकडील डोंगरात, अंधाऱ्या दरीतला एक विहार आणि त्याच्या दाराशी दोन बाजूंना दगडी हत्ती, असे त्याने लिहून ठेवले आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याखाली ते हत्ती आजही उभे आहेत. तो स्वतः तिथवर गेला की ऐकून लिहिले, यावर पंडितांचे एकमत नाही. चित्रकार मात्र त्याला पाठीवर पोथ्यांची उंच चौकट बांधलेला दाखवतात. वस्तुतः परतताना त्याच्या 657 ग्रंथांना वीस घोडे लागले. पडशीचा मोह चित्रकारांनाही सुटत नाही!

आता याच्या उलट उदाहरण. 21 सप्टेंबर 1803 रोजी वेलस्ली आणि स्टीव्हन्सन बदनापूरला भेटले. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजा भोकरदनच्या बाजूला होत्या. मधे डोंगर. सगळे सैन्य, तोफा, बैल आणि बाजारबुणगे एकाच खिंडीतून काढायचे तर वेळ फार जाणार, आणि शत्रू दुसऱ्या वाटेने निसटणार. म्हणून दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी निघून 24 तारखेला भोकरदनजवळ एकत्र यायचे ठरवले. राजूर याच पट्ट्यात येते. 23 तारखेला वेलस्लीची गाठ एकट्यानेच असईला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात पडली. लढाई त्याने जिंकली. पण 428 मेले आणि 1,138 जखमी झाले. सोळा शिष्यांना ज्या डोंगराने अडवले नाही, त्याने तोफखान्याच्या सैन्याचे दोन तुकडे केले.

शिंदे-भोसले अजिंठ्याचा घाट उतरून उत्तरेकडे गेले. इंग्रजांनी जखमींसाठी रुग्णालय उघडले ते घाटमाथ्यावरच्या तटबंदीच्या अजिंठा गावात. असईपासून ते सरळ रेषेतही 20 मैलांच्या वर आहे, आणि वाट चढाची. जखमी शिपाई पडशीत मावत नाही. त्याला डोलीत घालून भोयांनी खांद्यावरूनच न्यायचे. मेलेल्यांचे आणि जखमींचे आकडे युद्धाच्या प्रत्येक वर्णनात आहेत. त्या डोल्या किती होत्या आणि त्या उचलणारे खांदे किती, हे मी वाचलेल्या एकाही वर्णनात नाही.