पंचविसावा दिवस

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात 'बी. एल.' अशा सहीचे एक पत्र छापून आले. प्लास्टिक सर्जरीच्या कोणत्याही इतिहासात त्याचा उल्लेख असतोच. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. (नाव पारशी वाटते, परंतु त्याच्या चित्राखालील मजकुरात तो शेतकरी मराठा असल्याचे म्हटले आहे.) सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्याजवळच्या, वीट घडवणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. पत्रात या कारागिराचे नाव नाही. मराठी लेखनात त्याला सहसा 'कुंभार' म्हटले जाते.

पत्रातील वर्णन अत्यंत नेमके आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचे. तो कपाळावर सपाट पसरून त्याच्या कडेने रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोलून काढायची. भुवयांमधली एक अरुंद पट्टी मात्र तोडायची नाही, कारण रक्त तिच्यातूनच वाहणार. कातडी खाली वळवून बसवायची आणि वर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या चिकटवायच्या. पाचसहा दिवस रोग्याने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापून टाकायची. त्या वेळी नव्या नाकाचे रूप सुधारण्यासाठी पुन्हा थोडी कापाकापी करावी लागते, असे पत्रलेखकाने सहज नोंदवले आहे.

या पत्राचा आधार घेऊन आपल्याकडे अभिमानाने पुष्कळ लिहिले गेले. ते योग्यच आहे. जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला याच पद्धतीने नाक केले आणि १८१६ मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. परंतु पंचविसाव्या दिवसाच्या त्या नोंदीपाशी कोणी फारसे थांबत नाही. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायाचेही असेच झाले आहे. नासासंधानाचा विधी सांगून झाल्यावर सुश्रुत तेथेच थांबत नाही. जोड भरून आल्यावर उरलेला भाग कापावा, नाक आखूड राहिले तर वाढवण्याचा यत्न करावा आणि मांस जास्त वाढले तर ते समान करावे, असे तो पुढे सांगतो. गवंडी भिंतीला दुसरा हात देतो, तसा हा शस्त्रक्रियेचा दुसरा हात. त्याच्या लेखी तो पहिल्या कामाचाच भाग आहे. पहिले काम फसल्याची कबुली नव्हे.

हे सारे पुन्हा वाचण्याचे कारण घडले ते गोंदियात. आमच्या विभागातून निवृत्त झालेल्या एक बाई बारा वर्षांपूर्वी कर्करोगातून बऱ्या झाल्या. नागपूरला त्यांचा एक स्तन काढावा लागला आणि त्या जागी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवण्यात आले. परवा बोलता बोलता त्या हळूच म्हणाल्या, "अंगावर चुण्या दिसतात हो. वाकले की जास्तच." मराठी बायकांच्या बोलण्यात 'अंगावर पाजणे', 'अंगावरचे दूध' या प्रयोगांत 'अंग' म्हणजे स्तन. ज्याचे नाव घ्यायचे नाही त्याला भाषेने सगळ्या देहाचेच नाव देऊन टाकले! आणि 'चुणी' हा शब्द कापडाचा. डॉक्टर ज्याला रिपलिंग म्हणतात त्याला याहून अचूक मराठी शब्द मला सुचत नाही.

कारण ती चुणी खरोखर कापडासारखीच पडते. इम्प्लांट ही अखेर एक पिशवी. आतला ऐवज कमी किंवा पातळ असला, विशेषतः मिठाचे पाणी भरलेले असले, की तिला घड्या पडतात. वरचे आच्छादन जाड असेल तर घड्या झाकल्या जातात. परंतु कर्करोगात स्तनाचा मूळ गरच निघून जातो आणि उरते ती पातळ त्वचा. वय वाढले, वजन उतरले, की ती आणखी पातळ होते. त्वचेवरच्या या लहरी स्वतः धोकादायक नसतात. मात्र घडी सतत एकाच जागी पडत राहिली तर पिशवीचे कवच तेथे कमकुवत होऊ शकते. सिलिकॉनची पिशवी फुटली तरी बाहेरून काही जाणवत नाही, असेही होते. ती शाबूत आहे की नाही हे सोनोग्राफी किंवा एमआरआयने पाहावे लागते.

बाईंना खुपत होते ते वेगळेच. पुन्हा शस्त्रक्रियेचा विषय निघताच घरातून उत्तर आले, "आता या वयात कशाला? जीव वाचला ना?" पहिली शस्त्रक्रिया गरज होती, दुसरी हौस ठरली. ही विभागणी कायद्यातही सापडते. सिलिकॉन जेलचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे टॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो यांनी बसवले. पुढे सुरक्षिततेविषयी शंका उठल्या, तेव्हा १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सौंदर्यासाठी त्यांचा वापर थांबवला आणि कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेसाठी मात्र अभ्यासाच्या अटीवर मुभा ठेवली. ते निर्बंध २००६ मध्ये उठले. मधल्या काळात, १९९८ मध्ये, त्याच देशात एक कायदा झाला. स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमायोजनेने पुनर्रचनेच्या सर्व टप्प्यांचा, इतकेच नव्हे तर दुसरा स्तन त्याच्याशी जुळता करण्याचाही खर्च द्यावा, असे त्याने सांगितले. पंचविसावा दिवस कायद्याच्या भाषेत आला तो असा.

येथे पुन्हा कावसजी आठवतो. त्याचे नाकही गेले होते आणि हातही. बैल हाकणाऱ्याला पोटासाठी हात अधिक गरजेचा. नाकावाचून त्याने वर्ष काढलेच होते. हात कोणाला परत देता येण्यासारखा नव्हता आणि नाक देता येत होते, म्हणून ते दिले गेले. ते चार लोकांत तोंड दाखवता यावे म्हणून, हे उघड आहे. त्याला हौस म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही. नाक म्हणजे अब्रू, हे मराठी वाक्प्रचारांनी आधीच ठरवून ठेवलेले. कंब रामायणात शूर्पणखेचे नाक-कानच नव्हे, तर स्तनही कापले जातात. आपल्या बोलण्यात मात्र ती नाक कापलेलीच राहिली. जे लोकांना दिसते त्याची दुरुस्ती गरज ठरते. जे फक्त आरशात दिसते त्याची ठरत नाही.

बाईंपुढे पर्याय आहेत, पण एकही सोपा नाही. अधिक घट्ट जेलचे इम्प्लांट घालणे, ते छातीच्या स्नायूखाली सरकवणे, किंवा पोट-मांडीची चरबी काढून त्वचेखाली भरणे. भरलेल्या चरबीतली काही शरीरात जिरून जाते, म्हणून ते काम कधीकधी दोनतीनदा करावे लागते. त्यांनी किरणोपचारही घेतलेले, त्यामुळे जखम भरण्याची काळजी वेगळी. चौथा मार्ग इम्प्लांट काढून टाकून पाठीचा किंवा पोटाचा आपलाच भाग वळवून आणण्याचा. त्याच्या एका प्रकारात रक्त वाहणारा देठ न तोडता त्वचा-मांस नव्या जागी नेतात. पुण्याच्या कारागिराची भुवयांमधली पट्टी ती हीच! आणि काहीच न करणे, हाही पर्याय आहेच. तो त्यांनी स्वतः निवडला तर.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बाळकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू केला. देशातला असा पहिला विभाग म्हणून त्याची नोंद होते. गोंदियाहून नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. म्हणजे ही विद्या आमच्यापासून फार दूर कधीच नव्हती. दूर होते ते तिच्याविषयी घरात मोठ्याने बोलणे.

सोनोग्राफी करायची एवढे बाईंनी ठरवले आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न त्यांनी वहीत क्रमाने लिहिले आहेत, जुन्या सवयीने, समास सोडून. त्यांतला शेवटचा त्यांनी मला वाचून दाखवला: यानंतर पुन्हा किती वर्षांनी करावे लागेल?