ताल आधी, स्वर नंतर : अमेरिकी कार्टूनपटांतील वाद्यवृंद-संगीत

मांजर उंदरामागे धावते तेव्हा व्हायोलिनेही धावतात. उंदीर दचकून थांबला की तीही थांबतात आणि मांजर जिन्यावरून गडगडले की ट्रॉम्बोन त्याच्याबरोबर पायरीपायरीने खाली येतो. हे पाहताना साहजिकच वाटते की चित्र आधी तयार झाले आणि संगीतकाराने नंतर त्याच्या मापाचे सूर बेतले. १९२८ ते १९५८ या काळात हॉलीवूडमध्ये झालेल्या छोट्या कार्टूनपटांबद्दल ही समजूत सर्रास आढळते. या विवेचनाचे प्रतिपादन वेगळे आहे. या पटांत चित्र आणि संगीत दोन्ही आधी ठरवलेल्या एकाच लयीवर उभी असतात. म्हणून हे संगीत कथेची सजावट नसून तिच्या काळाची मोजणी आहे.

हे कसे घडते ते पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. बोलपटाची फीत सेकंदाला २४ फ्रेम या गतीने सरकते, म्हणजे मिनिटाला १,४४० फ्रेम. संगीताची एक मात्रा १२ फ्रेमची धरली तर मिनिटात १२० मात्रा बसतात. हा सुमारे पलटणीच्या कवायतीचा वेग झाला. १० फ्रेमची मात्रा धरली तर १४४, आणि ८ फ्रेमची धरली तर १८०, म्हणजे पाठलागाचा वेग. जिवंत नटाच्या चालण्याला असे माप लावता येत नाही, कारण त्याचे पाऊल कॅमेऱ्यासमोर पडेल तेव्हा पडेल. कार्टूनमधले पाऊल मात्र चित्रकाराने काढल्याशिवाय पडतच नाही. ते बाराव्या फ्रेमवर टेकवायचे की आठव्या, हे पेन्सिल उचलण्यापूर्वी ठरवता येते. संगीत आणि चित्र यांना एकच एकक वापरता येणे ही या माध्यमाला जन्मतः मिळालेली सोय आहे. पुढचा सगळा इतिहास या सोयीचा उपयोग कसा होत गेला याचा आहे.

पहिला पद्धतशीर उपयोग डिस्नेच्या ‘स्टीमबोट विली’त झाला. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये दाखवला गेला. विल्फ्रेड जॅक्सन या तरुण चित्रकाराने मेट्रोनोम समोर ठेवून मात्रा आणि फ्रेम यांचा मेळ बसवला आणि त्यातून ‘बार शीट’ आकाराला आली. एका ओळीत संगीताच्या मात्रा आणि त्यांखाली त्या त्या मात्रेवर घडणारी कृती, असा हा तक्ता. तरीही ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न फसला, कारण वाद्यवृंद चित्राबरोबर राहीना. दुसऱ्या वेळी फितीवर लयीची खूण उमटवली गेली. पडद्यावर उसळणारी ती खूण पाहत संचालकाने मात्रा दिल्या आणि मेळ जमला.

त्याच सुमारास डिस्नेकडे कार्ल स्टॉलिंग आले. १८९१ साली मिसुरी राज्यात जन्मलेले स्टॉलिंग कॅन्सस सिटीच्या चित्रपटगृहांत मूकपटांना ऑर्गनची साथ करत. आधी कृती की आधी संगीत, यावर त्यांचा आणि डिस्नेचा मतभेद झाला. त्यातून निघालेली तडजोड अभ्यासकाच्या फार उपयोगाची आहे. मिकीच्या पटांत संगीताने कृतीला जुळवून घ्यायचे आणि ‘सिली सिंफनी’ या नव्या मालिकेत कृतीने संगीताला. या मालिकेतला पहिला पट १९२९ चा ‘स्केलेटन डान्स’. त्यात सांगाड्यांची हाडे संगीताच्या मात्रांवरच वाजतात. या दोन प्रकारांच्या दरम्यान लवकरच तिसरा मार्ग रुळला आणि पुढे तोच मुख्य ठरला. दिग्दर्शक आणि संगीतकार एकत्र बसून प्रत्येक प्रसंगाची लय ठरवत, त्या लयीवर चित्रे काढली जात आणि प्रत्यक्ष स्वर त्यानंतर लिहिले जात. मुद्रणाच्या वेळी वादकांच्या कानात ठरलेल्या फ्रेमना ‘टिक’ असा ठोका पडे. हाच क्लिक ट्रॅक. त्याच्या जनकांत स्टॉलिंग यांचे नाव घेतले जाते आणि आजही चित्रपटसंगीताची मुद्रणे त्यावर चालतात.

इथे एका आक्षेपाचा विचार करायला हवा. पडद्यावरची प्रत्येक हालचाल सुरांत उमटवण्याला चित्रपटसंगीताच्या परिभाषेत ‘मिकी माउसिंग’ म्हणतात आणि हे नाव बहुधा नाक मुरडूनच घेतले जाते. ‘किंग काँग’मध्ये (१९३३) टोळीचा प्रमुख पायऱ्या उतरतो, तेव्हा मॅक्स स्टाइनर यांचे संगीत त्याच्या पावलांबरोबर उतरते. संगीत एरवी जे सांगू शकले असते ते सोडून डोळ्याला दिसलेलेच ते पुन्हा सांगते, असे टीकाकार म्हणतात. अभिनयपटाबाबत ही टीका बऱ्याच अंशी पटते, कारण तिथे झालेल्या पावलाला स्वर मागाहून चिकटवलेला असतो. कार्टूनपटात पाऊल आणि स्वर दोन्ही एकाच मात्रेतून निघालेले असतात. त्यामुळे तिथे पुनरुक्तीचा आरोप लागू होत नाही.

खरा अवघड प्रश्न पुढे आहे. कार्टूनमध्ये दर दोन-तीन सेकंदांना परिस्थिती पालटते. झोप, चाहूल, धडक, पळ, पुन्हा झोप. संगीत इतक्या वेळा वळले तर त्याची अखंडता टिकवायची कशी? या प्रश्नाला त्या काळात दोन मोठी उत्तरे मिळाली आणि ती एकमेकांहून पार वेगळी आहेत.

पहिले स्टॉलिंग यांचे. १९३६ साली ते वॉर्नर ब्रदर्सकडे गेले आणि १९५८ पर्यंत तिथेच राहिले. या अवधीत त्यांनी सहाशेहून अधिक पटांना संगीत दिले, म्हणजे दर दोन आठवड्यांना जवळजवळ एक. वाद्यरचनेत मिल्ट फ्रँकलिन त्यांचे सहकारी होते आणि दिमतीला स्टुडिओचा सुमारे ५० वादकांचा ताफा. वॉर्नरने १९२९ च्या सुमारास काही मोठ्या संगीत-प्रकाशन संस्था विकत घेतल्या होत्या आणि त्यांतली गाणी लोकांच्या ओठी राहावीत हा ‘मेरी मेलडीज’ मालिकेचा एक हेतूच होता. हे भांडार स्टॉलिंग यांच्या हाती पडले. मूकपटाच्या साथीदाराला प्रसंग पाहताच साजेशी चाल आठवावी लागते. ती सवय त्यांनी पूर्ण वाद्यवृंदावर नेली. लाल पोशाखातली स्त्री दिसली की ‘द लेडी इन रेड’च्या चार मात्रा वाजायच्या, आणि पुढच्या क्षणी रोसिनी. अवतरणे तुकड्यातुकड्यांची आणि त्यांना बांधणारा धागा लयीचा. रेमंड स्कॉट यांनी १९३७ साली लिहिलेली ‘पॉवरहाउस’ ही रचना स्टॉलिंग यांच्यामुळेच जगभर ऐकली गेली. यंत्रांच्या रांगा, सरकते पट्टे, कारखान्याची धडधड दिसली की तीच वाजते. स्वतः स्कॉट यांनी कार्टूनसाठी कधी लिहिले नाही. त्यांच्या रचनांचे हक्क १९४३ मध्ये वॉर्नरकडे आले, एवढाच दुवा.

यावर कोणी म्हणेल, ती गाणी ज्यांना ठाऊक त्यांनाच हे संगीत कळणार. मराठी घरांतल्या मुलांचा अनुभव याच्या विरुद्ध आहे. दूरचित्रवाणीवर वॉर्नरचा बग्ज बनी पाहत वाढलेल्या आपल्या पिढ्यांना अमेरिकेतली १९३० च्या दशकातली गाणी माहीत असण्याचे कारण नव्हते. शाब्दिक श्लेष त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही, पण हसू नेमक्या जागी आले. म्हणजे अवतरणाचा अर्थ हा वरचा थर झाला. त्याखाली लय, वाद्याचा पोत आणि स्वरांची चढउतार यांचा जो थर आहे, तो एकट्यानेही काम करतो. माझ्या मते स्टॉलिंग यांची थोरवी या खालच्या थरात आहे. त्यांच्या अवतरणांच्याच याद्या करत बसणाऱ्यांना ती दिसत नाही.

दुसरे उत्तर एमजीएमच्या स्कॉट ब्रॅडली यांचे. तेही १८९१ सालचेच, आर्कान्साचे. ‘टॉम अँड जेरी’ची जोडी १९४० मध्ये पडद्यावर आली. तिच्या दोन दिग्दर्शकांपैकी विल्यम हॅना स्वतः संगीत जाणणारे होते आणि प्रसंगांच्या लयी ते बार शीटवर मांडत. या पटांत संवाद जवळजवळ नाहीत, म्हणून कथा सांगण्याचा भार वाद्यांवर येतो. ब्रॅडली यांच्यापाशी वादक वीसेकच, पण त्यामुळे प्रत्येक वाद्य सुटे आणि लख्ख ऐकू येते. उसन्या चालींपेक्षा स्वतःची रचना करण्याकडे त्यांचा ओढा होता. एखादे छोटे स्वरवाक्य घ्यायचे आणि प्रसंग पालटेल तसे ते फिरवायचे, तोडायचे, उलटे करायचे. स्ट्राविन्स्की आणि बार्टोक यांच्या काळातले विसंवादी स्वरगुच्छ ते बिनदिक्कत वापरत. मैफलीत ज्या संगीताला श्रोते बिचकत, तेच इथे मुले डोळे विस्फारून ऐकत होती.

‘पुटिन ऑन द डॉग’ (१९४४) मध्ये जेरी कुत्र्याच्या एका सुट्या मुंडक्याखाली लपून पळतो. टॉमला दिसते ते धड नसलेले, जमिनीवरून चालणारे डोके. या जागी ब्रॅडली यांनी शोनबर्ग यांच्या बारा-स्वरी पद्धतीचा आधार घेतला. या पद्धतीत सप्तकातले बाराही स्वर समान मानून एका ठरलेल्या क्रमाने येतात आणि कोणताच स्वर षड्जासारखा मुक्कामाचा राहत नाही. षड्ज नाहीसा झाला की कानाला उभे राहायला जमीन मिळत नाही. शरीर नसलेल्या डोक्याला आधारस्वर नसलेली ओळ देणे यात रचनेच्या तर्काची विलक्षण अचूकता आहे. मला हा सबंध परंपरेतला सर्वांत बुद्धिमान क्षण वाटतो.

अभिजात संगीतावर आधारलेल्या पटांत लयीचे आधिपत्य उघडच दिसते. ‘रॅबिट ऑफ सेव्हिल’ (१९५०) रोसिनीच्या पूर्वरंगावर उभा आहे आणि ‘व्हॉट्स ऑपेरा, डॉक?’ (१९५७) मध्ये फ्रँकलिन यांनी वाग्नरच्या ऑपेरांचे अंश सात मिनिटांहून कमी वेळात गुंफले. ‘द कॅट कन्सर्टो’त लिस्टच्या दुसऱ्या हंगेरियन ऱ्हॅप्सडीचे दोन भाग हेच कथेचे दोन भाग होतात. विलंबित भागात टॉमचा दरबारी रुबाब आहे आणि द्रुत भागात पियानोच्या पोटातल्या जेरीशी झुंज. या पटाला १९४६ सालचे ऑस्कर मिळाले.

प्रतिपादनाची कसोटी लावायची तर १९५८ कडे वळावे. त्या वर्षी हॉलीवूडच्या वादकांचा संप झाला आणि वॉर्नरच्या सहा पटांना जॉन सीली यांनी संग्रहातले तयार संगीत जोडले. चक जोन्स यांचा ‘हुक, लाइन अँड स्टिंकर’ हा रोड रनरचा पट त्यांतलाच. दिग्दर्शक, पात्रे आणि चित्रकारांची पद्धत नेहमीचीच, बदलले ते फक्त संगीत. ते कोणत्याही चित्राकडे न पाहता लिहिलेले होते. पडण्याच्या क्षणी त्यात सम येत नाही आणि रोड रनरमागे लागलेला कोयोट हवेत थबकतो तेव्हा ते चालूच राहते. हा पट पाहताना विनोद ढिला पडल्यासारखा वाटतो, आणि तो ढिला पडतो चित्रातच. संगीत केवळ सोबतीला असते, तर ते बदलल्याने चित्राला असा धक्का बसला नसता.

उलटी कसोटीही लावता येते : चित्र काढून घ्यायचे आणि संगीत ठेवायचे. स्टॉलिंग यांच्या मूळ मुद्रणांचा संग्रह १९९० मध्ये स्वतंत्रपणे निघाला आणि २०१३ च्या बीबीसी प्रॉम्समध्ये जॉन विल्सन यांच्या वाद्यवृंदाने ब्रॅडली यांचे ‘टॉम अँड जेरी’चे संगीत सभागृहात वाजवले. पडदा नसताना स्टॉलिंग ऐकावेत. चाल मध्येच तुटते, आधारस्वर सरकतो, बासरीवरून एकदम ट्युबावर उडी पडते. तरी कान कुठे अडखळत नाही, कारण खालची मात्रा सुटत नाही आणि ती बदलते तेव्हाही मोजूनच बदलते. ब्रॅडली यांच्यात स्वरवाक्य परत येते, म्हणून ते संगीत चित्रावाचून अधिक सहज उभे राहते. स्टॉलिंग ऐकताना मात्र न दिसणाऱ्या पावलांची जागा आपल्याला कळत राहते.