फुल इंजिन

आमच्या चौदा वर्षांच्या गाडीने गेल्या पावसाळ्यात तेल प्यायला सुरुवात केली. सकाळी शाळेला निघताना मागे निळसर धूर दिसायचा. काळेवाडीतल्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "मॅडम, नुसत्या रिंगा बदलू, व्हॉल्व्ह घासू, दोन दिवसांत गाडी घेऊन जा." दुसऱ्या, वयस्कर उस्तादांनी हेड उतरवलं, सिलिंडरमध्ये गेज घातला आणि म्हणाले, "बेटी, फुल इंजिन करना पडेगा." खर्च तिप्पट. लेकीच्या अकरावीची फी त्याच महिन्यात भरायची होती.

'फुल इंजिन' हा शब्द मी लहानपणापासून ऐकते, कारण अब्बा मॅटाडोर चालवायचे. ती गाडी आमच्या शेजारच्या आकुर्डीची. १९५८ साली सुरू झालेल्या बजाज टेम्पोने हँबर्गच्या 'टेम्पो' कंपनीच्या तीनचाकी इथे बनवल्या आणि त्या कंपनीचं नाव मराठीत मालवाहू गाडीचं सामान्यनाम होऊन बसलं. (वर्गात परभाषेतले शब्द शिकवताना मी हेच उदाहरण देते.) पुढे कंपनीने मर्सिडीजच्या ओएम ६१६ या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पवनेकाठच्या गावांभोवती कारखाने वाढत गेले. पण तिथे बनणारी गाडी लगेच हाती येत नसे. लायसन्स राजच्या काळात स्कूटरसाठी, फियाटसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. त्यामुळे जुनी गाडी टाकून नवी घेण्याचा विचार कोणी करत नसे. इंजिन पुन्हा उभं करायचं, बस्स. कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, तरी मुंबईत तिची शेवटची टॅक्सी रस्त्यावरून उतरली ती २०२३ च्या ऑक्टोबरात. मधली वर्षं तिने उस्तादांच्या हातांवर काढली.

नुसत्या रिंगांनी का भागत नाही, हे मला अब्बांनी स्टीलच्या पेल्यात बोट फिरवून दाखवलं होतं. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि गोल राहत नाही, किंचित लंबगोल होतो. त्यात नवी गोल रिंग बसवली तरी फटी राहतात. शिवाय जिथे रिंग पोहोचत नाही, तिथे वर न झिजलेल्या धातूची कड उरते. नव्या रिंगेची धार त्या कडेवर आपटून रिंग तुटूही शकते. म्हणून ब्लॉक लेथवाल्याकडे नेऊन बोअर करायचा, ओव्हरसाईज पिस्टन घालायचे, क्रँक ग्राइंड करून त्या मापाची बेअरिंगं बसवायची, ऑइल पंप तपासायचा. ब्लॉक तोच राहतो, त्यामुळे आरसीवरचा इंजिन नंबरही तोच.

आमच्या नात्यातली कितीतरी मुलं हे काम शागीर्द म्हणून शिकली. पहिली दोन वर्षं फक्त डिझेलमध्ये पार्ट धुवायचे. त्या आठवणी गोड करून सांगणाऱ्यांचा मला राग येतो; त्यातली बरीचशी सातवीतच शाळेबाहेर पडलेली होती. पण शंभरावा भाग मिलिमीटर म्हणजे काय, हे त्यांना माझ्या दहावीच्या वर्गापेक्षा नीट कळायचं, हेही तितकंच खरं.

मी फीचा पहिला हप्ता भरला, भिशीचे पैसे उचलले आणि उस्तादांना होकार दिला. काम बारा दिवस चाललं. जुने पिस्टन त्यांनी पिशवीत घालून परत दिले. बाजूंवर झीज साध्या डोळ्यांनी दिसत होती. सध्या पहिले हजार किलोमीटर चालू आहेत. काटा साठच्या वर न्यायचा नाही, एकाच वेगात फार वेळ धरायची नाही आणि हजारला तेल बदलायला यायचं, अशी सक्त ताकीद आहे. काल ६४० झाले.