आठ तासांची मोटार

मोटारींच्या शर्यतींच्या इतिहासात एक गोष्ट फार हौसेने सांगितली जाते. १९६२ च्या फेब्रुवारीत इंग्लंडहून एक बिनइंजिनाची गाडी विमानाने लॉस एंजेलिसला उतरली. कॅरोल शेल्बी या टेक्सासच्या गृहस्थाने ती जवळच सांता फे स्प्रिंग्ज येथे डीन मून याच्या कारखान्यात नेली, आणि आठ तासांच्या आत तिच्यात फोर्डचे व्ही-आठ इंजिन बसवून ती रस्त्यावर आणली. हीच पहिली कोब्रा. गोष्ट खोटी नाही. पण कामाला सुरुवात त्या आठ तासांच्या फार आधी झाली होती.

शेल्बी हा मोठा शर्यतवीर. १९५९ साली त्याने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, आणि पुढल्याच वर्षी हृदयाच्या दुखण्यामुळे त्याला स्पर्धा सोडावी लागली. इकडे लंडनजवळ थेम्स डिटन येथे एसी नावाची लहानशी कंपनी ‘एस’ ही हलकी गाडी बनवीत असे. तीन इंची जाड दोन पोलादी नळ्या, हाच तिच्या चासीचा कणा. ब्रिस्टल कंपनीचे दोन लिटरचे इंजिन तीत बसे, पण ब्रिस्टलने ते बनविणे बंद केले. गाडी होती, इंजिन नव्हते. शेल्बीने १९६१ मध्ये एसीला पत्र धाडले की मी इंजिन आणतो, तुम्ही गाडी द्या.

आता इंजिन बसवावयाचे म्हणजे काय? आपल्याकडील गॅरेजांत इंजिनाच्या पायांना ‘फाउंडेशन’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार समर्पक वाटतो. या इंजिनाला तीन ठिकाणी आधार लागतो : ब्लॉकच्या दोन बाजूंस दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. ओझे पेलणे एवढेच काम असते तर कोणताही लोहार ते करता. इंजिनाचे वजन दोनशे किलोंच्या घरात. पण ते आस एका दिशेस फिरविते तेव्हा स्वतः उलट दिशेस फिरू पाहते. ही पीळशक्ती सुमारे ३७ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे ब्रिस्टलच्या दुपटीहून अधिक. गिअरबॉक्स इंजिनालाच जोडलेला असल्यामुळे पहिल्या गिअरात ती ऐंशीच्या वर जाते. दोन पायांत अर्ध्या मीटरचे अंतर धरले, तर एका बाजूवर पावणेदोनशे किलोंच्या आसपास दाब वाढतो आणि दुसऱ्या बाजूस तितकीच उचल लागते. म्हणजे तो पाय दाबला जात नाही, उपटला जातो! वेल्डिंगचा सांधा तेथे ओढीत असतो.

ही भीती पुस्तकी नव्हे. १९७१ साली जनरल मोटर्सला सुमारे ६७ लाख शेव्हरलेट गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पायाचे रबर तुटले की इंजिन एका बाजूने उचलले जाई आणि थ्रॉटल उघडाच अडकून राही.

म्हणून हे पाय कसे बनतात ते पाहावे. इंजिन चेनपुलीने चासीत टांगावयाचे. खाली ऑइलपॅन रस्त्यापासून वर राहिले पाहिजे, वर बॉनेट मिटले पाहिजे, आणि मागचा आस डिफरन्शियलशी नीट कोनात यावयास हवा. एकाला जागा द्यावी तर दुसरा अडतो. सगळे जुळले की पुठ्ठ्याचा नमुना कापावयाचा, त्यावरून पत्रा कापावयाचा, टाके मारावयाचे, इंजिन पुन्हा उतरवून सांधे पुरे करावयाचे, तेही थोडेथोडे, आलटूनपालटून, नाहीतर उष्णतेने चासीच वाकते. आणि मग इंजिन परत घालून पाहावयाचे.

हे काम थेम्स डिटनला झाले. जानेवारी १९६२ मध्ये एसीच्या लोकांनी फोर्डचे ३.६ लिटरचे इंजिन त्या चासीत बसविले, चालवून पाहिले, आणि मग काढून घेऊन चासी अमेरिकेस पाठविली. शेल्बीने बसविले ते ४.२ लिटरचे, पण त्याच घराण्यातले. पाय त्याच जागी. आठ तासांत इंजिन बोल्टांनी कसले गेले, कारण बोल्ट कशात कसावयाचे हा प्रश्न आधीच सुटला होता.

मी तरुणपणी ज्या कारखान्यात फिटर होतो तेथे साहेब घड्याळ घेऊन उभे राहत. जॉब मशीनवर चढला की घड्याळ सुरू. जिग कोणी बनविले, सेटिंगला किती वेळ गेला, हे त्यांच्या कागदावर कधी आले नाही. पुढे युनियनच्या वाटाघाटीत या एका मुद्द्यावर आम्ही तीन बैठका भांडलो. तेव्हापासून ‘अमुक तासांत झाले’ असे ऐकले की मी आधी विचारतो, घड्याळ केव्हा सुरू केले?

शेल्बीला दोष देण्याचे कारण नाही. तो विक्या माणूस होता, आणि चतुर. तीच एक गाडी निरनिराळ्या रंगांत रंगवून त्याने वार्ताहरांना चालवावयास दिली, म्हणजे त्यांना वाटावे की गाड्या पुष्कळ तयार आहेत. थेम्स डिटनला मात्र इंजिनाच्या पायांखेरीज आणखीही काम पडले. व्ही-आठ रुंद, म्हणून स्टिअरिंग बॉक्स बाहेर सरकवावा लागला, मागचे डिफरन्शियल दणकट घालावे लागले. नंतरच्या गाड्याही तेथून रंगवून, गाद्या बसवून, पण इंजिनाची जागा मोकळी ठेवून अमेरिकेस जात. १९६५ साली कोब्राच्या बंद टपाच्या गाड्यांनी मोठ्या वर्गातली जागतिक जीटी स्पर्धा जिंकली.

ती पहिली गाडी शेल्बीने मरेपर्यंत विकली नाही. २०१६ साली मॉन्टेरेच्या लिलावात ती एक कोटी साडेसदतीस लाख डॉलरांस गेली.