शेतीसंरक्षण बंदूक

शेतीसंरक्षण बंदूक : रानटी जनावरांपासून पिके व गुरे राखण्यासाठी शेतकऱ्याला परवान्यावर बाळगता येणारी, गुळगुळीत नळीची लांब बंदूक. कोकणात तिचे ठासणीची आणि काडतुसाची असे दोन प्रकार आढळतात. उदाहरणार्थ, रत्नागिरी तालुक्यातील पाली हे मुंबई–गोवा आणि रत्नागिरी–कोल्हापूर या महामार्गांच्या सांध्यावरचे गाव. या परिसरात भातखाचरे, नाचणीचे वरकस, आंबा-काजूच्या बागा आणि रान एकमेकांना लागून आहेत. रानडुकरे रात्री उभे भात लोळवतात व कंद उकरतात, तर वानर-माकडे दिवसा बागेत उतरतात. त्यामुळे राखण हा इथल्या शेतीचा जुना भाग आहे. पुष्कळदा नुसता बार काढूनही जनावरे पांगतात.

इतिहास : ब्रिटिश सरकारने १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या शस्त्र बाळगण्यावर परवान्याचे बंधन घातले. त्याची जागा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतली. त्याच्या कलम १३ मध्ये शेतीसंरक्षणाची स्वतंत्र तरतूद आहे : खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा आणि ती पुरेशी नाही अशी खात्री पटल्यास किमान २० इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा द्यावा. पिस्तूल व रिव्हॉल्व्हर या तरतुदीत बसत नाहीत.

प्रकार व रचना : ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून काळी दारू, बोळा व छर्रे गजाने ठासतात आणि मागच्या निपलवर टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटला की दारू पेटते. ही बंदूक स्वस्त व साधी असली, तरी पुन्हा भरायला वेळ लागतो आणि पावसाळी हवेत दारू सर्द होते. काडतुसाची बंदूक एकनळी किंवा दोननळी असते. ती बहुधा १२ बोरची, म्हणजे सुमारे १८.५ मिमी व्यासाची असते. छर्ऱ्यांचा परिणामकारक पल्ला साधारण ३५ ते ४० मीटरच असतो. अशी काडतुसे पुण्यातील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात (स्थापना १८६९) बनतात. देशी एकनळी व दोननळी बंदुकांसाठी बिहारमधील मुंगेर प्रसिद्ध आहे.

परवाना : अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे लागते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे पालीच्या शेतकऱ्याला रत्नागिरीस करावा लागतो. पोलीस चौकशीनंतर निर्णय होतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या ३ वरून २ वर आली. परवानाधारक वारल्यास बंदूक आपोआप वारसाकडे जात नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. विनापरवाना गावठी बंदूक बाळगणे हा कैदेचा गुन्हा आहे.

खरेदीतील विचार : परवाना हाती आल्यावरच परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी करावी आणि बंदुकीवरचा क्रमांक परवान्यातील नोंदीशी ताडून पाहावा. कमी खर्चात भागवायचे असल्यास एकनळी पुरते. लगेच दुसरा बार हवा असल्यास दोननळी घ्यावी लागते. जुनी बंदूक घेताना नळीवर दाबचाचणीचा शिक्का आहे का, आत गंजाचे खड्डे आहेत का, बिजागरीपाशी नळी हलते का आणि घोडा धक्क्याने सुटतो का, हे जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावे. ६५ मिमी कक्षाच्या बंदुकीत ७० मिमीचे काडतूस वापरल्यास दाब धोकादायकरीत्या वाढतो. पट्ट्यांना पीळ देऊन घडवलेल्या जुन्या नळ्या काळ्या दारूसाठी होत्या. त्यांत आजची धूरविरहित दारूची काडतुसे उडवू नयेत. कोकणच्या दमट हवेत लाकडी दस्ता फुगतो. कृत्रिम पदार्थाचा दस्ता फुगत नसला, तरी नळीला गंज चढतोच. म्हणून तेल, साफसफाई आणि कुलूपबंद कपाट यांचा खर्च किमतीतच धरावा. काळी दारू वापरल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे लागते.

वापराच्या मर्यादा : बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पिकाची नासधूस करणारे रानडुक्करही अधिकृत वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीनेच मारता येते. बिबट्या व गवा पहिल्या अनुसूचीत असल्याने त्यांना सर्वांत कडक संरक्षण आहे. रात्री रानात सोबत्यालाच जनावर समजून गोळी लागल्याचे अपघात कोकणात घडले आहेत. म्हणून लक्ष्य स्पष्ट दिसल्याखेरीज चापावर बोट न ठेवणे आणि घरात येण्यापूर्वी बंदूक रिकामी करणे, हे नियम परवान्याइतकेच महत्त्वाचे आहेत.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की जिल्हास्तरीय छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना बंदुका पोलिसांकडे जमा कराव्या लागतात. महाराष्ट्र विधानसभेची मतदाने २१ ऑक्टोबर २०१९ व २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाली. ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच कोकणात भात पिकण्याचा व कापणीचा हंगाम असतो. म्हणून नुसत्या बंदुकीवर राखण सोपवता येत नाही. कुंपण, चर, राखणीचा माळा आणि वन विभागाकडे पीकनुकसानभरपाईचा वेळेत केलेला अर्ज यांची जोड तिला द्यावी लागते.